परदेशी कॅमेरा आणि साताऱ्या-सांगलीचे चेहरे: रस्त्यावर काढलेल्या फोटोवर हक्क कुणाचा?

नीरा नदी ओलांडून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात आली की लोणंद, तरडगाव, फलटण या टप्प्यांवर वारकऱ्यांइतकीच कॅमेऱ्यांची गर्दी दिसते. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण असो, वाई तालुक्यातल्या बावधनचं बगाड असो किंवा मिरजेत सतार घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली, भारताबाहेरून आलेले फोटोग्राफर, व्लॉगर आणि हौशी प्रवासी इथे नियमित येतात. त्यांना देखाव्यांपेक्षा माणसं हवी असतात: सुरकुतलेला चेहरा, कपाळावरचा बुक्का, पिवळाधमक फेटा, तुळशी डोक्यावर घेतलेली मावशी.

फोटो निघतो आणि काही तासांत तो इन्स्टाग्रामवर जातो. पुढे कधी प्रदर्शनात लागतो, कधी पुस्तकात छापला जातो, कधी फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर चढतो. फोटोतल्या माणसाला मात्र यातलं बहुतेक वेळा काहीच कळत नाही.

मग प्रश्न उभा राहतो. रस्त्यावर दिसणाऱ्या कुणाचाही फोटो काढता येतो का? तो जगभर दाखवता येतो का? विकता येतो का? आणि साताऱ्या-सांगलीचा एखादा तरुण बर्लिनमध्ये किंवा दुबईत राहून तिथल्या लोकांचे असेच फोटो काढत असेल, तर त्याला काय नियम लागू होतात?

सांगलीत २०१० मध्ये काय झालं होतं?

या वादाचं सांगलीतलं एक उदाहरण आजही महत्त्वाचं आहे. ते फोटोचं नाही, माहितीपटाचं आहे, पण मुद्दा तोच आहे.

सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून काम करते. तिच्या कामातूनच १९९६ मध्ये देहविक्री करणाऱ्या महिलांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिचं नाव वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजेच 'व्हॅम्प'. २०१० मध्ये 'व्हाइस' या परदेशी माध्यमसंस्थेने 'प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड' नावाचा माहितीपट इंटरनेटवर आणला. देवदासी प्रथेवरच्या या माहितीपटात सांगलीतल्या महिलाही होत्या.

एरवी अशी गोष्ट इथेच संपते. चित्रण करणारे निघून जातात आणि ज्यांचं चित्रण झालं ते आपल्या कामाला लागतात. सांगलीच्या महिलांनी तसं होऊ दिलं नाही. त्यांनी माहितीपट पाहिला आणि त्याला उत्तर देणारा स्वतःचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आमचं आयुष्य चुकीच्या पद्धतीने दाखवलं, आमच्या श्रद्धांची थट्टा केली आणि आरोग्यासारखी अत्यंत खासगी माहिती उघड केली, असे त्यांचे आक्षेप होते.

त्यांचा सूर 'आम्हाला दाखवूच नका' असा नव्हता. या महिला आधीही माध्यमांशी बोलत होत्या, नंतरही बोलत राहिल्या. कॅमेऱ्यासमोर बसायला दिलेला होकार म्हणजे वाट्टेल ते दाखवायला दिलेला परवाना नव्हे, एवढंच त्या सांगत होत्या. २०१० मध्ये स्मार्टफोन आजच्यासारखे हातोहाती नव्हते. त्या काळात ज्यांच्यावर कॅमेरा रोखला गेला त्यांनीच कॅमेरा हातात घेऊन उत्तर दिलं, म्हणून ही घटना वेगळी ठरते.

पुढे कायदाही या दिशेने सरकला. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या कायद्यानुसार कुणाचीही एचआयव्हीविषयीची माहिती तिच्या किंवा त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कार खटल्यात आणखी एक बाब स्पष्ट केली. पोलिसांचे छापे, अटक किंवा सुटकेच्या कारवाईत देहविक्री करणाऱ्या महिलांची ओळख उघड होईल असे फोटो माध्यमांनी दाखवू नयेत, असं न्यायालयाने सांगितलं.

नाव नसलेल्या चेहऱ्यांचा इतिहास

इथल्या माणसांचे फोटो काढून परदेशात दाखवण्याची पद्धत इन्स्टाग्रामने आणलेली नाही. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारला 'आपली प्रजा' समजून घ्यायची होती. त्यातून १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो होते. त्यांत अनेक माणसांची ओळख नावाने न देता जात, जमात किंवा धंद्याने दिली होती. माणूस हा माणूस न राहता 'नमुना' झाला.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून अमेरिकी मिशनची मंडळी या भागात दीर्घकाळ राहिली. त्या काळी जगभरच्या मिशनरी संस्था आपलं काम मायदेशातल्या देणगीदारांना दाखवण्यासाठी फोटोंचा वापर करत. अशा फोटोंमुळे आज आपल्याला जुनी गावं, पोशाख, बाजार पाहायला मिळतात, हे खरं आहे. पण फोटोत दिसणारा माणूस कोण होता, हे अनेकदा कायमचं हरवून गेलं आहे.

परदेशी माणसाने इथे येऊन केलेलं सगळंच काम असं नव्हतं. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी मराठी शिकून धनगर समाज आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा या विषयावरचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला. हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी वारीवर माहितीपटही केला. ते लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत आणि पुन्हा पुन्हा परत येत. फोटोग्राफर कोणत्या देशाचा आहे, यापेक्षा तो समोरच्या माणसाला किती वेळ आणि किती जागा देतो, हा फरक मोठा आहे.

भारतात कायदा काय सांगतो?

*सार्वजनिक ठिकाणी फोटो काढणं गुन्हा आहे का?*

सर्वसाधारणपणे नाही. रस्ता, बाजार, जत्रा अशा ठिकाणी फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. संरक्षणविषयक जागा, काही सरकारी इमारती आणि मंदिरं यांना वेगळे नियम असतात.

*मग मर्यादा कुठे येते?*

महिलेच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. कुणाच्याही शरीराच्या खासगी भागाचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये येतं. वारीच्या वाटेवर नदीकाठी आंघोळ करणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या महिलांचे फोटो काढणाऱ्यांनी ही कलमं लक्षात ठेवायला हवीत. जागा उघडी असली तरी तो क्षण खासगी असू शकतो. लैंगिक गुन्ह्यातील पीडितांची आणि कायदेशीर प्रक्रियेत आलेल्या लहान मुलांची ओळख उघड करण्यावरही बंदी आहे.

*खासगीपणाच्या अधिकाराचं काय?*

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं. माणूस सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून त्याचा खासगीपणा पूर्ण संपत नाही, हा विचारही या निकालात आहे. मात्र फलटणच्या रस्त्यावर काढलेल्या एखाद्या साध्या पोर्ट्रेटला हे तत्त्व नेमकं कसं लावायचं, याचा तयार नियम कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही.

*फोटोचा कॉपीराइट कुणाचा?*

इथे अनेकांचा गैरसमज असतो. चेहरा तुमचा असला तरी फोटोचा कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो. तुम्ही पैसे देऊन स्टुडिओत फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तुम्ही. रस्त्यावर कुणी येऊन तुमचा फोटो काढला, तर मालक तो. भारतीय कायद्यात फोटोचा कॉपीराइट फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

*नवीन डेटा कायद्याने काही बदलेल का?*

ओळखू येणारा चेहरा ही वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती घेण्यासारख्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार आहेत. १८ वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागेल.

पण यात दोन गाठी आहेत. पहिली म्हणजे, एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. प्रवासी स्वतःच्या अल्बमसाठी फोटो काढत असेल तर तो सुटला. पण त्याच फोटोंवर लाखो फॉलोअर आणि जाहिरातींचं उत्पन्न उभं असेल, तर त्याला घरगुती म्हणायचं का? दुसरी म्हणजे, पत्रकारितेसाठी या कायद्यात स्पष्ट सूट नाही. एडिटर्स गिल्डनेही याबद्दल चिंता व्यक्त केली आहे. एकीकडे सामान्य माणसाचा चेहरा वाचवायचा आणि दुसरीकडे पत्रकाराचा कॅमेरा बंद पडू द्यायचा नाही, ही कसरत अजून बाकी आहे.

*परदेशी फोटोग्राफरला वेगळे नियम आहेत का?*

भारतात असताना त्याला इथलेच कायदे लागू होतात. शिवाय पत्रकारिता किंवा माहितीपटाचं काम करायचं असेल तर पर्यटक व्हिसा पुरत नाही, वेगळा व्हिसा लागतो. खरी अडचण तो परत गेल्यावर सुरू होते. फोटो दुसऱ्या देशात, सर्व्हर तिसऱ्या देशात आणि फोटोतली आजी खटाव तालुक्यात. तिने कागदोपत्री हक्क मागायचा ठरवला तरी तो बजावणं महागडं आणि वेळखाऊ आहे.

पैसे कोण कमावतं?

जगातल्या सर्वात गाजलेल्या पोर्ट्रेटपैकी दोन उदाहरणं पाहा. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. तो अमेरिकेच्या मंदीचं प्रतीक बनला. त्या आईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होतं, हे जगाला १९७८ मध्ये समजलं. त्या फोटोतून तिला काहीही मिळालं नव्हतं. स्टीव्ह मॅकरी यांनी काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो जून १९८५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. तिचं नाव शरबत गुला असल्याचं कळायला २००२ उजाडलं.

भारतातलं अलीकडचं उदाहरण वेगळ्या अर्थाने बोलकं आहे. 'ह्युमन्स ऑफ बॉम्बे' या पेजने २०२३ मध्ये 'पीपल ऑफ इंडिया' या पेजविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात कॉपीराइटचा दावा केला. त्यावर 'ह्युमन्स ऑफ न्यू यॉर्क'चे ब्रँडन स्टँटन यांनीही जाहीर टीका केली आणि विषय गाजला. लोकांच्या कथा सांगण्याच्या कल्पनेवर कुणाची मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. भांडण दोन पेजचं होतं. ज्यांच्या चेहऱ्यांवर आणि आठवणींवर ही पेजेस उभी आहेत, ती माणसं त्या वादात पक्षकार नव्हती.

फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर आणखी एक फरक केला जातो. बातमी किंवा लेखासाठी फोटो वापरायचा असेल तर फोटोतल्या व्यक्तीची लेखी संमती सहसा मागितली जात नाही. जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर 'मॉडेल रिलीज' म्हणजे सही केलेलं संमतीपत्र मागितलं जातं. म्हणून कुणी कागदावर सही किंवा अंगठा मागितला, तर तो फोटो पुढे जाहिरातीत जाऊ शकतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

मिरजेचं उदाहरण घेतलं तर नावाची किंमत लगेच कळते. शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवण्याची परंपरा सुरू झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता तिथल्या कारागिराचा फोटो 'भारतातला एक म्हातारा कारागीर' अशा ओळीखाली जगभर फिरला, तर फायदा फोटोग्राफरचा. त्याच फोटोखाली कारागिराच्या संमतीने त्याचं नाव, दुकान आणि मिरज हे गाव लिहिलं, तर परदेशातला एखादा वादक थेट त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. फोटो एकच, पण एका ओळीने कुणाच्या पदरात काय पडतं ते बदलतं.

'काढा की' म्हणजे परवानगी का?

साताऱ्या-सांगलीच्या गावात पाहुण्याने 'फोटो काढू का?' असं विचारलं, तर बहुतेक जण 'काढा की!' म्हणतात. वर चहाही पाजतात. यात आपुलकी आहे, पाहुणचार आहे आणि कधी कधी शहरी किंवा गोऱ्या माणसाला नाही म्हणायचा संकोचही आहे. पण 'काढा की' म्हणणारी आजी फोटो काढायला हो म्हणत असते. तो लंडनच्या गॅलरीत लावायला, 'गरिबी' या मथळ्याखाली छापायला किंवा पोस्टकार्डवर विकायला ती हो म्हणालेली नसते. कारण हे प्रश्न तिला कुणी विचारलेलेच नसतात.

व्हायरल होण्याचे परिणामही छोटे नसतात. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्यात माळा विकणाऱ्या एका मुलीचे व्हिडिओ देशभर पसरले. तिच्याभोवती फोन घेऊन इतकी गर्दी होऊ लागली की माळा विकणंच अवघड झालं आणि तिला मेळा सोडून घरी परतावं लागलं. तिला नंतर प्रसिद्धी मिळाली, ही वेगळी गोष्ट. तिच्यावर रोखलेल्या शेकडो फोनपैकी किती जणांनी आधी विचारलं होतं, हा प्रश्न उरतोच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक फोटोसाठी सही सक्तीची केली तर रिंगणाचा, मोर्चाचा, पुराचा फोटो निघणारच नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीची काय अवस्था झाली होती, हे जगाला फोटोंमुळेच दिसलं. संमतीचा नियम फार कडक झाला, तर त्याच्या आड लपायला सत्ताधारी आणि पैसेवाले सर्वात आधी पुढे येतील. त्यामुळे गर्दीचा किंवा घटनेचा फोटो आणि एका माणसाच्या चेहऱ्याचं पोर्ट्रेट, यांत फरक करावा लागतो. पोर्ट्रेट काढताना आपण त्या माणसापासून दोन-चार फुटांवर उभे असतो. तिथे विचारायला वेळही असतो आणि तोंडही.

हे जमतं, याचं उदाहरण जवळच आहे. ग्रामीण भारतावर काम करणाऱ्या 'पारी' या वेबसाइटचा 'फेसेस' नावाचा प्रकल्प देशभरातल्या जिल्ह्यांमधले चेहरे एकत्र करतो आणि चेहऱ्यासोबत त्या माणसाची ओळखही देतो. याच वेबसाइटवर पी. साईनाथ यांनी कुंडलचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड आणि हौसाताई पाटील यांच्यासारख्या स्वातंत्र्यसैनिकांवर लिहिलं. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ ब्रिटिशांची पगाराची रेल्वे लुटणाऱ्या तुफान सेनेतल्या माणसाचा चेहरा तिथे नावासह, गावासह, त्याच्या स्वतःच्या शब्दांसह दिसतो. 'पारी'वरचा मजकूर मराठीतही येतो, त्यामुळे आपल्याबद्दल काय लिहिलंय ते गावात वाचता येतं.

तुम्ही परदेशात राहून फोटो काढत असाल तर?

शिक्षण आणि नोकरीसाठी साताऱ्या-सांगलीतून बाहेर गेलेली अनेक मुलं आता तिथल्या रस्त्यांवर पोर्ट्रेट काढतात, रील करतात. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे.

- जर्मनी: १९०७ पासूनच्या कायद्यानुसार ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे तिची संमती लागते. गर्दी, मोर्चे किंवा दृश्यात सहज आलेली माणसं यांना अपवाद आहेत.
- फ्रान्स: आपल्या प्रतिमेवर आपला हक्क आहे, असं तिथली न्यायालयं खासगी आयुष्याच्या तरतुदीवरून मानतात.
- कॅनडाचा क्युबेक प्रांत: मॉन्ट्रियलमध्ये पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता मासिकात छापला गेला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि २,००० डॉलर भरपाई कायम ठेवली.
- अमेरिका: इथे मोकळीक जास्त आहे. फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत काढलेल्या फोटोवर एका वृद्ध गृहस्थांनी धार्मिक कारणावरून दावा केला. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फोटो ही कला असल्याचं मानून तो फेटाळला. जाहिरातीसाठी वापर केला तर मात्र संमती लागते.
- संयुक्त अरब अमिराती: संमतीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून पसरवणं सायबर गुन्ह्यात येऊ शकतं. तुरुंगवास आणि मोठा दंड, दोन्हींची तरतूद आहे. दुबईच्या मेट्रोत सहज म्हणून काढलेला फोटो नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात आणू शकतो.

म्हणजे सांगलीत जे सहज चालतं, तेच बर्लिनमध्ये कोर्टात आणि दुबईत तुरुंगात नेऊ शकतं. हीच गोष्ट उलट फिरवून पाहिली तर प्रश्न स्पष्ट होतो. स्वतःच्या देशात अनोळखी माणसाला विचारल्याशिवाय फोटो न छापणारा युरोपियन फोटोग्राफर लोणंदला आल्यावर तोच नियम का पाळत नाही? अनेकदा कारण साधं असतं. तिथे माणूस तक्रार करेल याची खात्री असते आणि इथे करणार नाही याची.

तुमचा फोटो न विचारता वापरला गेला तर?

सर्वात आधी पोस्टची लिंक, स्क्रीनशॉट आणि तारीख जपून ठेवा. पोस्ट करणाऱ्याला स्पष्ट शब्दांत फोटो काढून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर त्या प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार सोशल मीडिया कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार सोडवावी लागते. त्याने समाधान झालं नाही तर तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. फोटो अश्लील पद्धतीने बदलला असेल, एआयने कपडे किंवा चेहरा बदलला असेल किंवा कुणी धमकावत असेल, तर थेट सायबर पोलीस किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

आणि तुम्हीच फोटो काढणारे असाल, तर पुढच्या जत्रेत चार प्रश्न पुरतात. फोटो काढू का? कुठे टाकणार ते सांगितलं का? नाव लिहिलेलं चालेल का? आणि फोटो त्यांच्यापर्यंत कसा पोहोचवू? शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. घरातल्या कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर तो फोटो पाठवायला मिनिटभर लागतो. तो मिळाला की 'कुठं वापरलाय?' हे विचारायला त्यांच्याकडे निदान एक नंबर तरी असतो. सांगलीच्या महिलांना २०१० मध्ये आपलं चित्रण बघता आलं, म्हणूनच त्यांना त्याला उत्तर देता आलं.